आपल्या कराटे वर्गाचा शेवटचा रविवार

(लातूर येथे वर्गाच्या निरोपाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. मुलं अल्पवयीन असल्यामुळे त्यांची नावं छापलेली नाहीत.)



नांदेडहून पहाटेच्या एसटीने आलेली एकोणीस मुलं, त्यांना घेऊन आलेल्या तीन अम्मी आणि एक दादाजान, लातूरची बावीस मुलं आणि त्यांचे आई-वडील, सगळ्यांचं स्वागत. दादाजान, तुम्ही या वयात एवढा प्रवास करून आलात. नातवाची किक बघायला आलो असं तुम्ही म्हणालात, ती आपण शेवटी बघणारच आहोत.

आजच्या कार्यक्रमात रडायचं नाही असं काल रात्री मी मुलांच्या ग्रुपवर टाकलं होतं. त्यावर एका मुलीने उत्तर दिलं, 'सर, आधी तुम्ही प्रॉमिस करा.' मी अजून उत्तर दिलेलं नाही.

वर्ग बंद का होतोय, हे मला आधी सरळ सांगायचं आहे. गेल्या महिनाभरात तीन-चार कारणं माझ्या कानावर आली. कुणी म्हणालं फी परवडत नव्हती, कुणी म्हणालं पोलिसांचा त्रास झाला, कुणी म्हणालं मौलाना नाराज होते. यातलं कुठलंच कारण खरं नाही. खरं कारण साधं आहे. लॉकडाउनमध्ये मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन नांदेडला घरी आलो. दिवसा कंपनीचं काम, संध्याकाळी देगलूर नाक्याजवळच्या आमच्या गच्चीवर मोहल्ल्यातली चार पोरं. माझी सासुरवाडी लातूर, म्हणून पुढे दर रविवारी इथे गंजगोलाईच्या मागच्या हॉलमध्ये दुसरी बॅच सुरू झाली. साडेचार वर्षं असं चाललं. आता कंपनीने ऑफिसात परत बोलावलंय. घर चालवायचं तर जावं लागणार.

पैशाचाही हिशेब सांगतो, म्हणजे कुणाच्या मनात राहायला नको. फी महिना तीनशे रुपये होती. एक्केचाळीसपैकी साधारण वीस जण देत होते. म्हणजे सहा हजार. दोन्ही जागांचं भाडं आणि येणं-जाणं धरून खर्च नऊ हजार. वरचे तीन हजार मी घालत होतो. ज्यांनी फी दिली नाही त्यांनी आज खाली मान घालून बसू नये. तीन हजारांमुळे वर्ग बंद पडत नाही. एक माणूस गेला की वर्ग बंद पडतो. आमच्या क्षेत्रात यंत्रणा बांधताना पहिला प्रश्न हाच विचारतात, की असा कुठला एक भाग आहे, जो बिघडला तर सगळं थांबेल? ऑफिसात मी हा प्रश्न रोज विचारतो. वर्गात साडेचार वर्षांत एकदाही विचारला नाही. पहिल्याच वर्षी मी दोन मोठ्या मुलांना शिकवायला तयार करायला हवं होतं. मला वाटत होतं, माझ्यासारखं कुणी शिकवणार नाही. तो गर्व होता. वर्ग बंद होण्यातला माझा वाटा एवढा आहे आणि तो मोठा आहे.

या बाबतीत आपल्याच मातीत शिकण्यासारखं होतं. कराटे ओकिनावाचं, पण मराठीत कुस्तीच्या जागेला आपण काय म्हणतो? तालीम. तालीम म्हणजे शिक्षण, हा अरबीतून आलेला शब्द. शिकवणारा तो वस्ताद, म्हणजे उस्ताद. कुस्ती आणि पैलवान हे शब्द फारसीतून आले. गावोगावच्या मराठी माणसाच्या तोंडात हे शब्द इतके बसलेत की ते कुठून आले हे कुणी विचारत नाही. 'तुम्ही इथले का' असं कुणी तुम्हाला विचारलं, तर भांडू नका. कुस्तीच्या फडावर घेऊन जा आणि तिथले शब्द ऐकवा.

आणि माणसंही दाखवा. सोलापूरजवळच्या बोरामणीच्या शेख घरातले तीन भाऊ महाराष्ट्र केसरी झाले. इस्माईल शेख १९८० मध्ये, आप्पालाल शेख १९९२ मध्ये आणि मुन्नालाल शेख २००२ मध्ये. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आले. नंतर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवत राहिले. लातूरचेच काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे स्वतः वस्ताद झाले. तालीम अशी टिकते. पठ्ठ्याचा वस्ताद झाला की मगच वस्तादाने निवांत व्हावं. मला हे कळायला उशीर झाला.

आता पोलिसांच्या गोष्टीबद्दल. मुलांनी ती अर्धवट ऐकली आहे, म्हणून पूर्ण सांगतो.

१९ मे २०२२ ला शेजारच्या निजामाबादची निखत झरीन इस्तंबूलमध्ये बॉक्सिंगची विश्वविजेती झाली. नांदेडमध्ये त्या आठवड्यात माझ्याकडे नव्या नऊ मुली आल्या. एक अब्बा तर पेपरातला फोटो कापून घेऊन आले होते. म्हणाले, 'सर, ये लड़की अपने बाजू की है.' त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत. जुलैमध्ये त्याच निजामाबादेत एका कराटे शिक्षकाला अटक झाली. पीएफआयसाठी प्रशिक्षण शिबिरं घेतल्याचा आरोप होता. पुढे तपास एनआयएकडे गेला आणि सप्टेंबरअखेर केंद्राने त्या संघटनेवर बंदी घातली. त्या खटल्यात काय खरं काय खोटं ते न्यायालय ठरवेल, तो आजचा विषय नाही. आपल्या वर्गात काय झालं ते सांगतो. शनिवारी एकतीस मुलं होती, सोमवारी बारा आली.

घराघरांत भीती बसली होती. मला राग आला होता. आमच्या गल्लीतल्या डान्स क्लासवाल्याला आपण नाच शिकवतो हे कुठे जाऊन सांगावं लागत नाही. मला का लागावं? दोन दिवस मी त्याच रागात होतो. तिसऱ्या दिवशी हजेरीचं रजिस्टर, पालकांचे फोन नंबर आणि माझं ओळखपत्र घेऊन मी स्वतः ठाण्यात गेलो. त्यांनी नाव-पत्ता लिहून घेतला, बसायला खुर्ची दिली. पंधरा दिवसांनी एक जमादार गच्चीवर आले. दहा मिनिटं उभे राहिले. एका छोट्याला म्हणाले, 'तुझा पाय किती वर जातो दाखव.' त्याने दाखवला. ते हसले आणि गेले. बस, एवढाच तो 'त्रास'.

मी गेलो ते बरोबर केलं का, यावर माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं आजही पटत नाही. तो म्हणतो, तू झुकलास. त्याचं म्हणणं मी टाकून देत नाही. आपल्या पोरांनी व्यायाम केला तरी खुलासा द्यावा लागतो, हे चूकच आहे आणि ते चूक आहे असं आपण मोठ्याने म्हटलं पाहिजे. पण त्या दिवसापासून मी एक नियम केला आणि तो पोलिसांसाठी नव्हता. वर्गाचं दार कधीही बंद राहणार नाही. कुठलाही पालक, कुठल्याही वेळी, न सांगता येऊन बसू शकेल. लहान मुलं जिथे एका मोठ्या माणसाच्या हवाली असतात, मग ती ट्यूशन असो, मदरसा असो की मैदान, तिथे हा नियम असायलाच हवा. भीतीमुळे का होईना, एक चांगली गोष्ट आपल्याला सुचली. मुलंही हळूहळू परत आली. दोन महिन्यांत अठ्ठावीस झाली.

दुसरा प्रश्न झुकण्याचाच होता, पण वेगळा. कराटेत वर्ग सुरू होताना आणि संपताना कमरेतून वाकून अभिवादन करतात. काही पालकांनी विचारलं की आमची मुलं अल्लाहसमोर झुकतात, तुमच्यासमोर का झुकावं? प्रश्न प्रामाणिक होता. जपानमध्ये ते आपल्या सलामासारखंच आहे, पूजा नाही, हे मी समजावलं. काहींना पटलं, काहींना नाही. मग आपण ठरवलं, ज्याला वाकायचं त्याने वाकावं, ज्याला नको त्याने छातीवर हात ठेवून सलाम करावा, ज्याला नमस्कार करायचा त्याने हात जोडावेत. तेव्हापासून आपल्या रांगेत तीन प्रकारचे सलाम होतात आणि वर्ग एकाच वेळी सुरू होतो.

मुलींच्या कपड्यांचा प्रश्नही असाच सुटला. कराटेचा गणवेश आधीच पूर्ण बाह्यांचा आणि पूर्ण पायांचा असतो. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला इजिप्तच्या दोन मुलींनी कराटेत पदकं जिंकली. जियाना फारूकने कांस्य जिंकलं, तिने डोकं झाकलेलं होतं. फरियाल अशरफने सुवर्ण जिंकलं, तिने झाकलेलं नव्हतं. दोघी एकाच संघात होत्या. मी पालकांना दोघींचे फोटो दाखवत असे आणि बाकी काही बोलत नसे.

तरीही मुली गळतातच. सातवीपर्यंत मुलगे-मुली निम्मे-निम्मे असतात. आठवी-नववीत मुली एकेक करून थांबतात. 'परसों से नै आती सर, मेहमान आए,' असा निरोप येतो आणि मग ती येतच नाही. यावर एकच उपाय कामी आला. आईलाच बोलावून बसवायचं. लातूरच्या एक ताई मुलीला सोडायला यायच्या आणि भिंतीशी बसून मेथी निवडायच्या. सहा महिने बघून बघून त्यांना बचावाचे सगळे हात पाठ झाले. एकदा मी एका मुलाची चूक दुरुस्त करायच्या आत त्याच म्हणाल्या, 'कोपर आत घे रे.' मी त्यांना म्हटलं, ताई, आता उठा. वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांनी यलो बेल्ट घेतला. त्यांची मुलगी दहावीत गेली तरी थांबलेली नाही. ताई, आज टाळ्या आधी तुम्हाला.

मुलगे गळतात ते दुसऱ्या कारणाने. लातूरला ते वेगळं सांगायला नको. नववी आली की ट्यूशन, अकरावी आली की नीट. नांदेडचीही तीच गत. मी अभ्यासाच्या विरोधात कसा बोलू? मीही तसाच घोकून विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेलो आणि त्या डिग्रीवर माझं घर चालतं. पण दिवसाचे चौदा तास बाकावर बसलेल्या मुलाची पाठ आणि मन दोन्ही आखडतात. आठवड्यातले तीन तास मागितले तर डॉक्टर व्हायचं राहून जातं, असं मला वाटत नाही. पालकांनो, हे तीन तास द्या. कराटेला नाही तर पळायला द्या, कुस्तीला द्या, पण द्या.

आता एक माफी. गेल्या वर्षी मी अकरा मुलांना एका 'राष्ट्रीय' स्पर्धेला घेऊन गेलो. प्रत्येकी बाराशे रुपये भरले. मेडल मिळाली, फोटो झाले, पेपरात बातमी आली. नंतर एका मुलाच्या मोठ्या भावाने भरतीसाठी चौकशी केली, तेव्हा कळलं की ते प्रमाणपत्र कुठेच चालत नाही. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुणही मिळतात. पण त्यासाठी खेळ मान्यताप्राप्त असावा लागतो, स्पर्धा घेणारी संघटना मान्यताप्राप्त असावी लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. नावात 'राष्ट्रीय' किंवा 'आंतरराष्ट्रीय' असलं म्हणून भागत नाही. पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारायला पाहिजे. अर्ध्या तासाचं काम होतं, मी केलं नाही. त्या अकरा घरांत एक हातगाडीवाले आहेत, एक रिक्षावाले आहेत, दोघी शिवणकाम करतात. आपल्या साठ मॅट विकून पंधरा हजार आले. त्यातले तेरा हजार दोनशे त्या अकरा घरांना परत जातील. पाकिटं तयार आहेत, नको म्हणू नका. उरलेल्या अठराशे रुपयांत आज सगळ्यांची बिर्याणी आणि शाकाहारी मुलांसाठी पुलाव आहे.

मुलांनो, आता तुमच्याबद्दल.

नांदेडचा आपला गणती म्हणणारा. बोलताना तो अडखळतो, शाळेत त्याला चिडवायचे. पण 'इची, नी, सान, शी' म्हणताना त्याचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जातो. दोन वर्षं सगळ्या वर्गाने त्याच्या आकड्यांवर हात चालवले. तो चुकला असता तर आपण सगळे चुकलो असतो. तो चुकला नाही.

लातूरची ती मुलगी, जी पाचही लढती हरली. पाचव्यांदा हरल्यावर पुढच्या रविवारी वही घेऊन आली आणि विचारलं, 'सर, माझा तो पॉइंट का दिला नाही?' मला सांगता आलं नाही. तिने नियम स्वतः शोधून वाचले. आज पंचांचे इशारे माझ्यापेक्षा तिला जास्त कळतात. आपल्या जिल्ह्याला एक चांगली पंच मिळणार आहे, लिहून ठेवा.

एक जोडी ग्लोव्हज दोघांत वापरणारे दोन दोस्त. एकाच्या घरी ईदला दुसरा असतो, दुसऱ्याच्या घरी बसवेश्वर जयंतीला पहिला. ग्लोव्हज कुणाच्या पैशाचे होते हे दोघांनाही आता आठवत नाही.

आणि तो मुलगा, ज्याला मी वर्गातून काढलं होतं. शाळेत त्याने एका पोराला मारलं. आपण जे हेइआनचे काता शिकतो, त्या पाचही कात्यांची सुरुवात बचावाने होते, वाराने नाही. ते त्याला पाठ होतं, पण अंगात उतरलं नव्हतं. मी म्हटलं, ज्याला मारलंस त्याची माफी माग, मगच ये. दोन महिने आला नाही. मग एक दिवस आला, बरोबर तो पोरगाही. 'सर, इसको भी सिखाव.' आज दोघं शेजारी बसलेत. मला मिळालेलं सगळ्यात मोठं मेडल हे आहे.

शेवटची एक गोष्ट. आपण शिकतो त्या शैलीचं नाव शोतोकान. गिचिन फुनाकोशी ओकिनावातले शाळामास्तर होते. १९२२ मध्ये ते कराटे दाखवायला टोकियोला गेले आणि तिथेच राहून शिकवू लागले. खूप वर्षांनी विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी एक इमारत उभी केली, तिचं नाव शोतोकान. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली. फुनाकोशी तेव्हा म्हातारे झाले होते. इमारत गेली, पण शिकलेली माणसं होती. त्यांनी पुढे शिकवलं, म्हणून ते नाव देगलूर नाक्याच्या गच्चीपर्यंत आलं. आपल्याकडे तर जळायला इमारतही नव्हती. आपली गच्ची होती, भाड्याचा हॉल होता आणि तुम्ही होतात. तुम्ही अजून आहात.

पुढचं असं ठरलंय. मोठ्या तिघांनी, दोन मुली आणि एक मुलगा, दर रविवारी एक तास सराव घ्यायचं कबूल केलं आहे. शिकवणं नाही, फक्त सराव, आलेलं विसरू नये म्हणून. ताई तिथे बसतील. महिन्यातून एकदा मी पुण्याहून येईन. वर्षभरात त्यांची तयारी झाली तर वर्ग त्यांचा, माझा नाही. नाही जमलं, तर ज्याला जिथे जमेल तिथे जा. तालमीत जा, जिल्हा क्रीडा संकुलात जा, शाळेत मुलींसाठी स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण आलं तर पहिलं नाव तुमचं असू द्या.

आणि इथे बसलेल्या, शिकून नोकरीला लागलेल्या माझ्या वयाच्या भाई-बहिणींना एक विनंती. आपण सभेत समाजाबद्दल खूप बोलतो. जे येतं ते आठवड्यातून दोन तास मोहल्ल्यातल्या पोरांना शिकवा. बुद्धिबळ, गणित, कोडिंग, पोहणं, काहीही. फक्त पहिल्याच दिवशी दुसरा माणूस शोधा, जो तुमच्यानंतर ते चालवेल. माझी चूक तुम्ही करू नका.

आज कुणालाही सोनेरी बॉर्डरचं प्रमाणपत्र देणार नाही. प्रत्येकासाठी मी हाताने लिहिलेलं एक पान आहे. त्यात तुम्हाला काय छान येतं आणि कुठे कोपर बाहेर जातं, दोन्ही लिहिलंय. घरी जाऊन वाचा.

चला, रांगेत उभे राहा. छोटे पुढे, मोठे मागे. दादाजान, तुमच्या नातवाची किक आता. गणती नेहमीचाच म्हणेल. आणि संपल्यावर सलाम, ज्याला जसा करायचा तसा.